जळगावच्या एका केंद्रातील चाल तपासणी

जळगावातील एका फिजिओथेरपी केंद्रात चाल तपासणीची स्वतंत्र सेवा मिळते. उजवा खुबा सतत दुखत असल्याने आमच्या आप्पांना रावेर तालुक्यातून आम्ही तेथे नेले. सेवेचा गाभा चोख आहे. तिच्याभोवती मांडलेला यंत्रांचा पसारा मात्र शेतकरी माणसाच्या फारसा कामाचा नाही, असे माझे मत झाले.

सर्वांत मोलाची तपासणी सर्वांत साधी होती. आप्पांच्या कमरेच्या दोन्ही हाडांवर रंगीत टिकल्या चिकटवून त्यांना लांब व्हरांड्यात अनवाणी चालायला लावले आणि मोबाइलवर चित्रण केले. एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचे एक चक्र धरतात. निरोगी चालीत पाऊल त्यापैकी सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असते. आप्पांचे उजवे पाऊल टेकते न टेकते तोच उचलले जात होते आणि त्या पायावर भार येताच धडही उजवीकडे कलत होते.

त्याचे कारण तपासणाऱ्या ताईंनी फार चांगले समजावले. एका पायावर उभे राहताना शरीराचे वजन खुब्याच्या सांध्यापासून बरेच आत पडते, तर ते तोलून धरणारा कुल्ह्याचा स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतो. एक बाजू आखूड असलेल्या तराजूसारखी ही गत असल्याने स्नायूला वजनाच्या सुमारे दुप्पट जोर लावावा लागतो आणि सांध्यावर अडीच-तीनपट भार येतो. धड दुखऱ्या बाजूला झुकले की हा ताण कमी होतो, म्हणून शरीर आपणहून तसे करते. डाव्या हातातली काठी हेच काम न लंगडता करते, कारण ती सांध्यापासून दूर टेकत असल्याने थोडा जोरही पुरतो. (आपल्याकडे बहुतेक जण काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात.) आप्पांची बांबूची काठी छातीपर्यंत येत होती; ताईंनी मनगटाच्या घडीशी खडूने खूण करून ती तेवढी कापून घ्यायला सांगितले.

त्यानंतरचा भाग निराशाजनक होता. ज्यांनी आयुष्यात ट्रेडमिल पाहिले नव्हते, त्या आप्पांनी दांडा घट्ट धरून टाकलेली आखूड पावले अहवालात त्यांची चाल म्हणून नोंदवली गेली. तळव्यांचा दाब मोजून बुटात घालायच्या महागड्या गाद्या सुचवल्या, पण आप्पा बारा महिने चप्पल वापरतात. अहवाल संपूर्ण इंग्रजीत आहे आणि शुल्क नेहमीच्या फिजिओथेरपीच्या दुपटीहून अधिक आहे. व्हरांड्यातली तपासणी वेगळी करून मिळत असेल तर तेवढीच घ्यावी.

माझा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. सपाट फरशीवर चालताना खुबा पुढे जेमतेम ३० अंश वाकतो, तर निंदणीसाठी उकिडवे बसताना तो १०० अंशांपलीकडे जातो. तरीही बसणे, उठणे, ओझे उचलणे यांपैकी काहीच तपासले गेले नाही. बागेत पाण्याची बादली कोणत्या हातात धरावी, हे मी विचारले तेव्हा ताई म्हणाल्या, ‘‘काठी डाव्या हातात, आप्पा, पण बादली उजव्याच हातात घ्या, डावीकडे वजन घेतले की उजव्या खुब्यावरचा भार वाढतो.’’ अहवालात या सल्ल्याचा उल्लेखही नाही.