दहा महिने, दोन पुस्तकं आणि एक सांगाड्याचा कुत्रा

आमच्या घरात दोन वाचक. धाकटी चार वर्षांची, थोरला सातचा. गेले दहा महिने झोपण्याआधी भुताखेतांची चित्रपुस्तकं चालू आहेत. त्यातली निम्मी दुसऱ्या आठवड्यातच कपाटाच्या वरच्या खणात गेली. त्या सगळ्यांत भूत बिचारं एकटं असतं, त्याला मित्र हवा असतो आणि शेवटी तो मिळतो. गोड आहे, पण मग त्याला भूत कशाला म्हणायचं? चादर पांघरलेला नवा शेजारीच तो. थोरल्यानं तर एकदा पान तीनवरच शेवट सांगून टाकला.

टिकली ती दोन. पहिलं जॅनेट आणि ॲलन आल्बर्ग यांचं १९८० सालचं 'फनीबोन्स'. एक मोठा सांगाडा, एक छोटा सांगाडा आणि त्यांचा सांगाडा-कुत्रा तळघरात राहतात आणि रात्री कुणालातरी घाबरवायला बाहेर पडतात. घाबरवायला कुणी सापडत नाही, कारण सगळं गाव झोपलेलं! मग ते एकमेकांनाच घाबरवत सुटतात. सुरुवातीला अंधाराचं वर्णन पुन्हा पुन्हा येतं. मी ते 'काळ्याकुट्ट, काळ्याकुट्ट' असं ताणत, आवाज खाली नेत वाचते. धाकटी तेवढ्यात पांघरुणात गडप होते आणि दर वेळी 'आता उलट पान' असा हुकूम तिथूनच सुटतो. भीतीची दोरी अशी तिच्या हातात राहते. उलट म्हटल्याशिवाय मी पान उलटत नाही, हा आमचा करार आहे.

पण जीव आहे तो कुत्र्याच्या प्रसंगात. कुत्रा आपटतो, त्याच्या हाडांचा ढीग होतो, आणि हे दोघे त्याला जोडायला बसतात ते चुकीचं जोडतात. भुंकणंसुद्धा उलटंपालटं येतं. मी 'भो'चं 'ओभ' करते, त्यावर पोट धरून हसणं. हे पान आमच्याकडे कडेला फाटलंय, चिकटपट्टी लावलीय.

एवढं हसू का येतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. चार वर्षांच्या मुलांना मरण हे बहुतेकदा परत फिरता येण्यासारखं वाटतं, लांबलेल्या झोपेसारखं. मेलेला माणूस परत येत नाही, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होत जाते. धाकटीच्या लेखी कुत्रा मेलेलाच नाही, फक्त नीट जोडायचा राहिलाय. थोरला त्याच पानावर हसतो खरा, पण जरा मोठेपणानं, लहान मुलांची गंमत पाहावी तसा.

त्याचं पुस्तक दुसरं: जॉन क्लासेनचं २०२३ मधलं 'द स्कल'. ओटिला नावाची मुलगी रात्री घरातून पळून जाते. का, ते पुस्तक सांगत नाही. एका जुन्या वाड्यात तिला कवटी भेटते, बोलणारी, अदबशीर. आणि रोज रात्री बिनडोक्याचा एक सांगाडा ती कवटी न्यायला येतो. (हो, अक्षरशः बिनडोक्याचा.) क्लासेननं एक जुनी लोककथा वाचली होती. वर्षभरानं ती पुन्हा पाहिली, तेव्हा आपल्या आठवणीत ती बदलली होती हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं आठवणीतलीच ठेवली. शेवटच्या टिपणात हे त्यानेच सांगितलंय. मुलांना नाही, मला ते टिपण फार आवडलं.

तक्रारी आहेत. हे शंभरेक पानांचं, प्रकरणांचं पुस्तक, एका रात्रीत संपत नाही. आम्ही पहिल्यांदा सांगाडा यायच्या आधी थांबलो, ती रात्र कुणीच झोपलं नाही. शिवाय रंग इतके मंद की उशाच्या दिव्यात अर्धं चित्र दिसतच नाही. आणि ओटिला त्या सांगाड्याचं काय करते, ते आधी एकट्यानं वाचून घ्या. ती हाडं कुटते, जाळते आणि राख तळ नसलेल्या खड्ड्यात टाकते. सगळं शांतपणे, घरकाम उरकावं तसं. मला हसू आवरेना. थोरला मात्र गंभीर होता. त्याला ते पटलं होतं.

गेल्या महिन्यात धाकटीनं ते पान चोरून ऐकलं. तिनं विचारलं, "मग परत जोडायचा कसा?"

"म्हणून तर कुटला," थोरला म्हणाला.

ती बराच वेळ गप्प. मग उठली, 'फनीबोन्स' आणलं, कुत्र्याचं पान काढलं आणि हाडं मोजायला लागली. तेव्हापासून ती दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवू देत नाही.