‘उत्तम चालते’ म्हणून विकलेली वाफेची बोट

इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये, डेरेहॅम गावात, १९२०-३० च्या दशकांत बोमन कंपनी वाफेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या बोटी बनवायची. लाकडी सांगाडा, आत पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा आणि मागेपुढे झुलणारा एकच सिलिंडर. शंभरीला टेकलेली अशी बोट पाणी भरून, दिवा पेटवून तळ्यात सोडली की आजही सरसर निघते. तिची खरी किंमत या चालण्याची आहे. कपाटात शोभेला ठेवायची बोट फार स्वस्तात मिळते, आणि मला फसवणाऱ्याने नेमका या दोन किमतींमधला फरक खिशात घातला.

लग्नानंतर मी इकडे आले आणि या बोटींचा नाद लागला. इकडे असा छंद असलेले आपले लोक अधूनमधून भेटतात, काही जण पुण्या-मुंबईत बसूनही इथल्या जाहिरातींवर नजर ठेवतात. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे.

जाहिरात एका विक्रीच्या वेबसाइटवर होती. आजोबांच्या माळ्यावर सापडलेली बोमनची ‘स्नाइप’ बोट, उत्तम चालते. सोबत कीलक्राफ्ट कंपनीच्या किटमधल्या सुट्या भागांतून जोडायचं ‘कॅप्रिस’ ग्लायडर (बिनइंजिनाचं छोटं विमान), १९५० च्या दशकात बांधलेलं, हात न लावलेलं. दोन्ही मिळून ३४० पौंड. बोट तळ्यावर फिरतानाचा व्हिडिओही होता. मी येऊन बघते म्हटलं, तर घर बदलतोय, सगळं सामान बांधलंय असं उत्तर आलं. मग विक्रेता म्हणाला, वेबसाइटवरून पैसे भरलेत तर ते कमिशन कापतात, थेट बँकेत पाठवा, वीस पौंड कमी करतो. माणूस गोड बोलत होता. आजोबांच्या आठवणी सांगत होता.

पार्सल आलं. सांगाडा अस्सल होता, त्यावर शंका नाही. पण बॉयलरच्या एका टोकाचा पितळी रंग बाकीच्यापेक्षा जरा जास्तच सारखा दिसत होता. नखाने खरवडलं तर खालून करड्या रंगाची इपॉक्सीची लांबी (भोकं बुजवायचा लगदा) निघाली. सिलिंडर जागचा हलत नव्हता. आमच्या क्लबात एक वयस्कर सदस्य आहेत, जन्मभर याच बोटींची दुरुस्ती करत आलेले. त्यांनी बॉयलर पाण्यात बुडवून नळीतून हलकेच फुंकर मारली आणि त्या टोकातून बुडबुडे निघाले. “हा पेटवू नकोस,” एवढंच म्हणाले. पाणी संपूनही दिवा जळत राहिला की या जुन्या बॉयलरांचं डाक, म्हणजे जोड सांधणारा धातू, वितळतं आणि टोक सुटतं. तसा जळालेला बॉयलर विक्रेत्याने लांबी थापून, रंगवून विकला होता. तापल्यावर ती लांबी दाबाखाली सुटली असती तर उकळतं पाणी आणि वाफ थेट हातावर, शेजारी स्पिरिटची ज्योत. माझी मुलगी ही बोट स्वतः पेटवायला टपून बसली होती. पैशांचं एक वेळ सोडून देईन, पण या गोष्टीसाठी त्या माणसाला माफी नाही.

ग्लायडरची लबाडी जास्त बारीक होती. ‘कॅप्रिस’ म्हणजे सुमारे सव्वाचार फूट पंखांचं, दोरीने ओढून उडवायचं, बाल्सा या हलक्या लाकडाचं ग्लायडर. त्या काळच्या किटमधले भाग ठशाने कापलेले असत किंवा बाल्साच्या पातळ फळीवर नुसते छापलेले, ते ब्लेडने कापून काढायचे. पंखाला एके ठिकाणी टिश्यू (वर चिकटवलेला पातळ कागद) फाटला होता, तिथून आत टॉर्च मारला तर प्रत्येक फासळीची कड जळकी तपकिरी. ती लेझरने कापल्याची खूण, म्हणजे किट अलीकडचं. जुना बाल्सा सिमेंट पिवळट, काचेसारखा ठिसूळ होतो. इथे सांध्यांवर पांढरा, रबरासारखा लवचिक डिंक होता. आणि टिश्यूवरचा तो ‘सत्तर वर्षांचा’ पिवळेपणा चहाच्या पाण्याचा होता, सांध्यांशी त्याचे ओघळ स्पष्ट दिसत होते. नव्याने बांधलेल्या ग्लायडरमध्ये वाईट काही नाही, मला आवडतात. पण मग तसं सांगून विकावं.

विक्रेत्याने निरोपांना उत्तर देणं बंद केलं. बँक म्हणाली, वस्तू पोचली आहे, तेव्हा हा तुमच्या दोघांमधला दिवाणी वाद. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून ट्रान्सफर करून घेतलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत करण्याचं बंधन बँकांवर आलं आहे, पण वस्तूच्या दर्जाचे असे वाद त्यातून वगळलेत. वेबसाइटने तर हात झटकले, कारण पैसे त्यांच्यामार्फत गेलेच नव्हते. त्या वीस पौंडांच्या सवलतीचा अर्थ तेव्हा कळला. खासगी विक्रेत्यानेही वस्तू वर्णनाप्रमाणेच दिली पाहिजे असं इथला १९७९ चा विक्री कायदा सांगतो, आणि १०,००० पौंडांपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या न्यायालयात करता येतो. मी तो केला आहे. खाते कोणाच्या नावावर होतं हे बँकेच्या नोंदीत आहे, जाहिरातीचे आणि बोलण्याचे सगळे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत.

जे घेणार आहेत त्यांनी बॉयलरची दोन्ही टोकं, सिलिंडर आणि दिवा यांचे जवळून काढलेले, उजेडातले फोटो मागावेत. व्हिडिओ मागाल तर दिवा पेटवण्यापासून बोट पाण्यात सुटेपर्यंत एकसलग, आणि सुरुवातीला कागदावर त्या दिवसाची तारीख लिहून दाखवलेला. ग्लायडरचा पंख खिडकीच्या उजेडासमोर धरून फोटो मागा, आतल्या फासळ्या टिश्यूतून दिसतात. लिलावात ‘तपासलेले नाही’ असं लिहिलेलं असेल तर बोट बंद आहे असं धरूनच बोली लावा. आणि घेतलेला बॉयलर कोणी जाणत्या माणसाने तपासेपर्यंत पेटवू नका. जुन्या वाफेच्या खेळण्यांत ॲस्बेस्टॉसही असू शकतं, त्यामुळे बॉयलरखालचा पांढुरका थर किंवा दिव्याची वात खरवडत बसू नका.

गेल्या आठवड्यात तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाने पुन्हा जाहिरातीत दिसला, या वेळी एकटी ‘स्नाइप’. मी वेबसाइटला कळवलं आहे, पण तो तिसऱ्या नावाने येऊ शकतो. ओळखायचा असेल तर हे बघा: दिवा पेटतो, लगेच दृश्य तुटतं, मग बोट डावीकडे वळून लव्हाळ्यांच्या बेटामागून येते, मागे लाल विटांची भिंत आहे. त्या बोटीच्या नाकाजवळ उजव्या बाजूला रंगाचा टवका उडालेला आहे. माझ्याकडे आलेल्या बोटीवर तो नव्हता.