नवे कॉम्पॅक्ट पिस्तूल : अडकणाऱ्या काडतुसांचा हिशेब

ज्या पिस्तुलाविषयी हे लिहितो आहे, त्याची मूठ, चाप आणि नेम धरण्याच्या साइट्स या तिन्हींबाबत माझी फारशी तक्रार नाही. मूठ लहान असूनही हातात बसते, चाप अडखळत नाही आणि गोळ्या जिथे नेम धरावा तिथेच लागतात. तक्रार एवढीच होती की ते भरवशाने चालत नव्हते, आणि पिस्तुलाच्या बाबतीत ही एक तक्रार बाकी सगळ्या कौतुकावर पाणी फिरवते. आज ते नीट चालते. परंतु मधल्या काळात दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याचे काम कंपनीऐवजी ग्राहकालाच करावे लागले, म्हणून वस्तूच्या परीक्षणाइतकाच हा त्या शोधाचाही वृत्तांत आहे.

पिस्तूल ९ बाय १९ मिलिमीटरच्या काडतुसाचे, पॉलिमर फ्रेमचे, बाहेर घोडा नसलेले, साधारण तीन इंच नळीचे आहे. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, काडतुसे खाली दोन रांगांत राहतात आणि वर येता येता एका रांगेत येतात. खोक्यात अशी दोन मॅगझिन्स मिळतात. कागदोपत्री यात नवल काहीच नाही, कारण या वर्गातील बहुतेक पिस्तुलांची रचना आज अशीच असते.

मात्र हीच रचना लहान करताना कारागिरीची कसोटी लागते, आणि पुढचे सगळे प्रकरण समजून घ्यायचे तर ते कसे, हे थोडे सांगायला हवे. बार उडाल्यावर नळी आणि स्लाइड (फ्रेमवर मागेपुढे सरकणारा वरचा भाग) काही अंतर जोडीने मागे जातात, मग नळीचे मागचे टोक खाली झुकून ती थांबते आणि स्लाइड एकटीच पुढचा प्रवास करते; त्या प्रवासात एक्स्ट्रॅक्टरचा आकडा रिकामी पुंगळी चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याच्या जागेतून) ओढून काढतो, इजेक्टर नावाच्या पक्क्या खुंटीवर आपटून ती खिडकीतून बाहेर उडते, आणि परतताना स्लाइड मॅगझिनमधले वरचे काडतूस ढकलत चेंबरमध्ये नेते. मोठ्या पिस्तुलात जड स्लाइड आणि लांब पल्ला यांमुळे या सगळ्याला सवड मिळते. लहान पिस्तुलात स्लाइड हलकी, म्हणून तिला आवरणारी स्प्रिंग ताठ, पल्ला आखूड आणि वेग जास्त. त्यामुळे मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर आणून ठेवायला फारच थोडा वेळ उरतो. हे काडतूस १९०२ पासून चालत आलेले, पण ते आखले गेले तेव्हा नळी यापेक्षा बरीच लांब होती. मोठ्या पिस्तुलात खपून जाणारी बारीकशी त्रुटी इथे लगेच अडथळा म्हणून समोर येते.

कारखान्यातून आलेले पिस्तूल गंज लागू नये म्हणून लावलेल्या दाट ग्रीसमध्ये असते; तेच वंगण समजून रेंजवर जाणे योग्य नाही. पुस्तिकेप्रमाणे ते पुसून, स्लाइडच्या खाचांना आणि नळीच्या बाहेरच्या अंगाला पातळ तेल लावून सुरुवात केली, तरीही पहिल्याच सत्रात अडथळे आले. ते दोन जातींचे होते. एक, स्लाइड पुढे येताना काही मिलिमीटर अलीकडेच थांबे आणि काडतुसाचे नाक चेंबरखालच्या उतारावर रुतलेले दिसे. दुसरी जात अधिक त्रासदायक होती : कधी रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडके, तर कधी ती चेंबरमध्येच राहून तिच्यामागे नवे काडतूस येऊन टेके. या शेवटच्या प्रकारात मॅगझिनच्या बुडाला थाप देऊन स्लाइड ओढण्याचा नेहमीचा उपाय उलट गाठ घट्ट करतो. स्लाइड मागे अडकवून, मॅगझिन ओढून काढून, स्लाइड अनेकदा मागेपुढे करून चेंबर रिकामे करणे हाच मार्ग असतो, आणि तेवढा वेळ नळीचे तोंड लक्ष्याकडे व बोट चापाबाहेर राहिले पाहिजे.

दोन सूचना इथेच. चाप ओढूनही बार उडाला नाही तर पिस्तूल लक्ष्याकडे धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण क्वचित प्राइमर (काडतुसाच्या बुडातील, दारू पेटवणारी टोपी) उशिरा पेटतो. आणि बार फुसका वाटला, म्हणजे आवाज दबका आणि धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवला, तर पुढचे काडतूस कदापि भरू नये. गोळी नळीतच राहिलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटू शकते. मोकळ्या पिस्तुलाची नळी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अशा वेळी दुकानदार, रेंजवरचे जाणकार आणि शेजारच्या मार्गिकेतले हौशी लोक मिळून तीन निदाने हमखास करतात : काडतुसे हलकी आहेत, मनगट ढिले आहे, किंवा पिस्तूल अजून रुळायचे आहे. तिन्ही कारणे खरी असू शकतात, आणि तीच त्यांची अडचण आहे; कारण एकाच वेळी मॅगझिन बदलले, काडतुसे बदलली आणि पकडही बदलली, तर सुधारणा झाली तरी ती कशाने झाली हे कधीच कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक अडथळ्याची नोंद करायची : कोणते मॅगझिन, त्यातले कितवे काडतूस, कोणत्या प्रकारची गोळी, अडथळा कसला. दोन्ही मॅगझिनच्या बुडाशी रंगाने १ आणि २ लिहून टाकले.

या नोंदीतून पहिले उत्तर लवकर मिळाले. नाक रुतण्याचा प्रकार जवळपास दर वेळी २ क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये आणि तोही पूर्ण भरल्यावर वरच्या एक-दोन काडतुसांबाबतच होत होता. दोष मॅगझिनबरोबर फिरतो तेव्हा पिस्तुलाकडे संशयाने बघण्याचे कारण उरत नाही. दोन्ही मॅगझिन्स शेजारी ठेवून वरून पाहिली, तेव्हा एकाच्या तोंडावरचे पत्र्याचे ओठ समांतर होते, तर दुसऱ्याचा एक ओठ किंचित आत वळलेला दिसला. भरलेल्या मॅगझिनमधले वरचे काडतूस बोटाने पुढे सरकवून पाहिले, तर पहिल्यात ते सहज निसटे आणि दुसऱ्यात अडून मग एकदम सुटे. पक्कड घेऊन तो ओठ सरळ करण्याचा मोह होतो, तो आवरावा. पत्रा एकदा वाकला की त्याचे माप पुन्हा नेमके बसत नाही, आणि मॅगझिन हा तसाही बदलण्याचा भाग आहे.

दुसऱ्या जातीचा दोष मात्र दोन्ही मॅगझिन्समध्ये सारखाच येत होता. सरावासाठी बहुतेक जण ११५ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅमच्या गोळीची सौम्य काडतुसे वापरतात. ताठ स्प्रिंगच्या छोट्या पिस्तुलात अशा काडतुसाचा जोर स्लाइडला पूर्ण मागे न्यायला कधीकधी अपुरा पडतो. म्हणून १२४ ग्रेनची, अधिक जोरकस काडतुसे घेऊन पाहिली. अडथळे कमी झाले, थांबले मात्र नाहीत. मग हेच पिस्तूल अनुभवी नेमबाजाच्या हाती दिले. ढिल्या मनगटाने फ्रेमच मागे झुकते, स्लाइडचा जोर वाया जातो आणि पुंगळी अडकते, हे हलक्या पिस्तुलांबाबत अगदी खरे आहे. पण त्याच्या हातातही पुंगळी तशीच अडकली, तेव्हा निदान ते निदान तरी निकालात निघाले.

खरा पुरावा उडणाऱ्या पुंगळ्यांनीच दिला. नीट चालणारे पिस्तूल त्या साधारण एकाच दिशेने, एकाच अंतरावर टाकते. हे पिस्तूल एक पुंगळी उजवीकडे दूर, दुसरी खांद्यावरून मागे आणि तिसरी थेट कपाळावर टाकत होते (संरक्षक चष्मा किती कामाचा आहे, हे अशा वेळी पटते). जमिनीवरून उचललेल्या पुंगळ्यांच्या बुडाची कड भिंगाखाली पाहिली. जिथे आकड्याची स्वच्छ, खोलगट खूण हवी तिथे काहींवर नुसता तिरका ओरखडा होता, जणू आकडा धरता धरता सुटला असावा. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींनी केलेल्या चित्रणात स्लाइड पूर्ण मागे जाताना दिसली, म्हणजे जोर पुरेसा होता. पुंगळी मात्र वाटेतच आकड्यावरून निसटून तिरकी होत होती. शेवटी पिस्तूल उघडून रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये आकड्याखाली सरकवून पाहिली, तर जरा हलवताच ती गळून पडली.

म्हणजे एक्स्ट्रॅक्टर किंवा त्याची स्प्रिंग. आकडा घासून, स्प्रिंग ताणून हे घरी जमवता येते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझे मत स्पष्टपणे याच्या विरुद्ध आहे : वॉरंटीतील शस्त्रावर कानस चालवली की वॉरंटी जाते, अनेक ठिकाणी कायद्याचा प्रश्नही उभा राहतो, आणि दोष वाढला तर तो कारखान्याचा की आपला हे सिद्ध करता येत नाही. पिस्तूल, २ क्रमांकाचे मॅगझिन, खुणा दिसणाऱ्या काही पुंगळ्यांची छायाचित्रे आणि नोंदीची प्रत असे सगळे रीतसर दुरुस्तीसाठी दिले.

कंपनीच्या सेवा केंद्राचे पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच होते : आणखी काडतुसे झाडून पिस्तूल रुळू द्यावे. नवी चप्पल काही दिवस चावते आणि मग पायाला बसते, हे ठीक आहे. पण ज्या वस्तूवर माणूस जिवाचा भार टाकणार, तिच्याबाबत हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. स्प्रिंगा थोड्या सैल होणे, घासणाऱ्या भागांवरचे उंचवटे झिजणे हे सुरुवातीला घडते, आणि काही कंपन्या त्यासाठी २०० तर काही त्याहून अधिक काडतुसांची मुदत सांगतात. मात्र पुंगळीची कड न धरणारा आकडा रुळल्याने ती धरू लागत नाही. नोंद पुढे केल्यावर सूर बदलला, एवढे मात्र मान्य करायला हवे. एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग आणि मॅगझिन विनामूल्य बदलून मिळाले. सोबतच्या कागदावर ‘भाग बदलून चाचणी घेतली’ एवढीच ओळ होती. कोणती काडतुसे वापरून चाचणी घेतली, मूळ भागात काय दोष होता, याचा पत्ता नाही. चांगल्या दुरुस्तीचे इतके रूक्ष कागदपत्र मी दुसरे पाहिलेले नाही.

बदलानंतर पुंगळ्या उजवीकडे, एका ठरावीक पट्ट्यात पडू लागल्या आणि बुडावरची खूण स्वच्छ झाली. सौम्य काडतुसेही आता चालतात. रुंद तोंडाच्या पोकळ गोळ्या वेगळ्या तपासल्या, कारण त्यांचे नाक गोलसर गोळीसारखे उतारावरून घसरत नाही, आणि सरावाच्या काडतुसांनी मिळालेला विश्वास त्यांना आपोआप लागू होत नाही. एका बनावटीच्या गोळ्या बिनतक्रार चालल्या; दुसऱ्या बनावटीत, जिचे तोंड अधिक सपाट आहे, स्लाइड क्वचित रेंगाळते, म्हणून ती मी बाजूला ठेवली.

शेवटच्या काडतुसानंतर स्लाइड मागे न थांबण्याची कुरकुर मात्र अधूनमधून राहिली आहे. तिचे मूळ स्लाइड-स्टॉपच्या, म्हणजे स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, जागेत आहे : मूठ इतकी आखूड की अंगठे पुढे टाकून धरले तर उजवा अंगठा नेमका त्या खटक्यावर टेकतो आणि तो वर उचलला जात नाही. अंगठा जरा खाली घेतला की ही कुरकुर नाहीशी होते. तरी रुंद पंजाच्या माणसाने हे पिस्तूल घेण्याआधी हातात धरून हा खटका कुठे येतो ते पाहावे. ज्यांना नियमित सराव करायचा नाही, त्यांना मी हे सुचवणार नाही. त्यांच्यासाठी थोडे मोठे, जड स्लाइडचे पिस्तूल अधिक सोशिक ठरेल. आत दुहेरी गुंडाळलेली, स्लाइडला आवरणारी रिकॉइल स्प्रिंग मोठ्या पिस्तुलाच्या स्प्रिंगपेक्षा लवकर थकते, म्हणून तिचा सुटा संच सहज मिळतो का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.