जुन्या गाडीचं रिकॉल: वर्कशॉपला पैकीच्या पैकी, काउंटर काठावर पास

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या जुन्या गाडीची रिकॉलची, म्हणजे बनवतानाच राहिलेला दोष कंपनीनं गाडी परत बोलावून दुरुस्त करायची, दोन कामं झाली. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर जी एअरबॅग असते तिचा इन्फ्लेटर (पिशवी फुगवणारी डबी) बदलला आणि ड्रायव्हरच्या दारातला काचेचा स्विच बदलला. दोन्ही फुकट, दोन्ही नीट. आत हात काळे करणाऱ्या मंडळींना पैकीच्या पैकी. बाहेर एसीत बसणाऱ्यांना ग्रेस मार्क देऊन पास करते आहे. कंपनीचं आणि सेंटरचं नाव मुद्दामच देत नाही.

मी या गाडीची तिसरी मालक. रिकॉलचं पत्र कंपनी पाठवते ते तिच्याकडे ज्याचा पत्ता असेल त्याला. आमच्या गाडीचं पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या जुन्या घरी जाऊन पडलं असणार. जुन्या गाड्यांची रिकॉलची कामं वर्षानुवर्षं तशीच राहतात ती बरीचशी याच कारणानं. गाडी हातोहात पुढे जाते, पत्र मागेच राहतं. मला कळलं ते कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून पाहिला म्हणून. हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो, नोंदणीच्या कागदावर आणि खुद्द गाडीवरही असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. तेव्हा 'हा ओ की शून्य' असा प्रश्न पडला तर बिनधास्त शून्य टाका. नंबर टाकला आणि पडद्यावर दोन ओळी आल्या, दोन्हींपुढे 'काम बाकी'.

फोन केला. पलीकडच्या मुलाचा पहिला प्रश्न, "मॅडम, गाडी आपल्याकडे सर्व्हिसिंगला येते का?"

"नाही येत."

"मग वॉरंटी संपली असेल, मॅडम. खूप जुनी आहे ना गाडी."

इथे पुष्कळ लोक 'बरं बरं' म्हणून फोन ठेवत असतील. ठेवू नका. वॉरंटी वेगळी आणि रिकॉल वेगळं. वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत काही बिघडलं तर आम्ही बघू, असं वचन. रिकॉल म्हणजे गाडी बनवतानाच त्यात धोक्याचा दोष राहिला, हे कंपनीनं कबूल केलेलं असतं. तो दोष मालक बदलल्यानं बदलत नाही आणि तुम्ही ऑइल बाहेरच्या गॅरेजमध्ये बदललंत म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही. काम त्या चेसिस नंबराच्या नावावर असतं, माणसाच्या नाही. कायद्याच्या मुदती देशोदेशी वेगळ्या आहेत, हे खरं. अमेरिकेत फुकट दुरुस्तीची सक्ती पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत आहे, आधी ती १० वर्षं होती. पण मुदत उलटून गेल्यावरही कंपनी आपणहून काम करून देऊ शकते, आणि एअरबॅगसारख्या बाबतीत विचारायला आपलं काय जातं? मी त्या मुलाला म्हटलं, "बाळा, चेसिस नंबर देते, तुझ्या सिस्टीममध्ये टाक आणि काय दिसतं ते मला वाचून दाखव." त्यानं टाकला. मग आवाज बदलला. "हो मॅडम, दोन ओपन दिसतायत." आयुष्यभर शाळेत शिकवल्यावर एवढं तरी जमतंच.

शिकवायचे ते रसायनशास्त्र, म्हणून या एअरबॅगच्या प्रकरणावर थोडं थांबते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत, परीक्षेला नाहीत.

एअरबॅग फुगते ती हवेनं नाही. तिच्या मागे इन्फ्लेटर नावाची एक धातूची डबी असते. टक्कर झाली की डबीतलं रसायन पेटतं, त्याचा वायू होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. टाकाटा या जपानी कंपनीनं बनवलेल्या ज्या कोट्यवधी इन्फ्लेटरांवरून जगभर गदारोळ झाला, त्यांत हे रसायन अमोनियम नायट्रेट होतं. स्वस्त, जागा कमी घेणारं आणि अवगुणी. ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, शिवाय तापमान वरखाली झालं की त्याची स्फटिकरचना बदलते. नुसतं शुद्ध अमोनियम नायट्रेट तर ३२ अंश सेल्सिअसच्या आसपासच रूप पालटतं. म्हणून त्यात ते स्थिर राहावं यासाठी दुसरं काही मिसळलेलं असतं. पण अनेक इन्फ्लेटरांत ओल शोषून घेणारा पदार्थच घातलेला नव्हता. गाडी वर्षानुवर्षं उन्हात तापते, रात्री निवते, आत दमट हवा. दाबून घट्ट केलेल्या वड्या ओल लागलेल्या खडूसारख्या आतून पोकळ होत जातात. मग पेटताना त्या ठरल्यापेक्षा फार वेगानं जळतात, दाब डबीला पेलवत नाही आणि डबीच फुटते. तिचे धातूचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात. म्हणजे एरवी खरचटण्यावर निभावलं असतं अशा टकरीतही जीव जाऊ शकतो.

यातलं पहिलं रिकॉल २००८ सालचं, तेही मोजक्या गाड्यांचं. नंतर आकडा वाढत वाढत एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरांवर गेला आणि २०१७ साली टाकाटानं दिवाळखोरी जाहीर केली. या सगळ्यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच: हा दोष वयाबरोबर वाढतो. 'इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार' हे गाडीच्या इतर कुठल्याही भागाबद्दल म्हणा, याच्याबद्दल नको. जितकी गाडी जुनी आणि हवा जितकी गरम-दमट, तितका धोका जास्त. काउंटरवरचा मुलगा मला "एवढ्या जुन्या गाडीला कशाला" म्हणाला, तेव्हा त्याचं हे अगदी उलटं होत होतं.

पार्ट लगेच मिळाला नाही. मागवावा लागेल, आला की फोन करू, असं सांगितलं. फोन अर्थातच मीच केला, आणि एकदा नाही. दरम्यान गाडी चालवायची की नाही, या प्रश्नाला पहिलं उत्तर मिळालं, "सावकाश चालवा, मॅडम." हे काही उत्तर नव्हे. मी विचारलं ते असं: कंपनीच्या नोटिशीत 'गाडी चालवू नका' असं लिहिलंय की नुसतं 'पार्ट आल्यावर बदलून घ्या' असं? कारण काही गाड्यांसाठी कंपन्यांनी खरोखरच 'अजिबात चालवू नका' असं कळवलेलं आहे, आणि मग गाडी न्यायची जबाबदारी त्यांची असते. तुम्हीही हाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माझ्या गाडीचं प्रकरण तेवढं टोकाचं नव्हतं, पण पार्ट येईपर्यंत शेजारच्या सीटवर कुणाला बसवू नका, असं नोटिशीत होतं. ते मला सुपरवायझरनं वाचून दाखवलं, पहिल्या मुलानं नाही. तेव्हापासून ह्यांची रवानगी मागच्या सीटवर झाली. मागे बसल्यावर ह्यांच्या सूचना निम्म्यानं कमी झाल्या, हा रिकॉलचा जाहीर न झालेला फायदा.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्यानं फ्यूज काढून एअरबॅग बंद करून द्यायची तयारी दाखवली होती. चांगल्या मनानंच, पण मी नको म्हटलं. पुष्कळ गाड्यांत त्या एका फ्यूजवर ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्ट आवळणारी यंत्रणाही असते. एक धोका टाळायला बाकी सगळी राखण सोडून द्यायची?

कामाच्या दिवशी गाडी दिली आणि लगेच 'फ्री चेकअप' झालं. त्यातून दुरुस्त्यांची भलीमोठी यादी निघाली. वायपर, एसीची सफाई, इंजिनाला कोटिंग, ब्रेक पॅड, आणखी काय काय. एकेका ओळीपुढे विचारलं, मोजमाप काय? फक्त ब्रेक पॅडची जाडी मोजलेली निघाली आणि ती खरंच कमी होती, म्हणून तेवढं करून घेतलं. बाकीवर फुली. सुरक्षेच्या कामासाठी आलेल्या घाबरलेल्या माणसाला एसीचा सुवास विकणं मला आवडलं नाही. तेच मार्क कापलेत मी. एक खबरदारी मात्र घ्या, रिकॉलचं जॉब कार्ड (कामाची नोंद असलेला कागद) वेगळं आणि पैशाच्या कामाचं वेगळं करायला सांगा. एकात घातलं की फुकट काय आणि विकत काय, हे नंतर तुम्हालाही सांगता येत नाही.

आता वर्कशॉपबद्दल, आणि इथे मला तक्रार शोधावी लागेल. काचेतून बघायची परवानगी मिळाली. मेकॅनिकनं आधी बॅटरीची तार सोडवली आणि मग चक्क घड्याळ बघत थांबला. मी मनात म्हटलं, शाबास. बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली असते, ती उतरल्याशिवाय हात लावायचा नसतो. घाईचा माणूस ही काही मिनिटं खातो. मग ग्लोव्ह बॉक्स काढला, आतले स्क्रू एका डबीत क्रमानं लावले, एअरबॅगचं युनिट बाहेर काढलं आणि टेबलावर पिशवीची बाजू वर करून ठेवलं. तीच बरोबर पद्धत, कारण चुकून उडालीच तर पिशवी मोकळ्या हवेत फुगावी, युनिट छपराकडे भिरकावलं जाऊ नये. जुना इन्फ्लेटर तिथेच पडू दिला नाही, कंपनीकडे परत पाठवायच्या खोक्यात घातला. नव्याचा बारकोड स्कॅन केला.

त्याला मी दोन गोष्टी विचारल्या आणि दोन्हींची उत्तरं त्यानं न वैतागता दिली. पहिली, आधीच्या मालकाच्या काळात हे युनिट कधी बदललं गेलंय का? अपघातानंतर भंगारातल्या गाडीची एअरबॅग बसवलेली असेल तर चेसिस नंबर टाकून काही कळत नाही, नंबर या गाडीचा आणि एअरबॅग भलत्याच गाडीची. त्यानं युनिटवरचं लेबल वाचून मूळचंच आहे असं सांगितलं. दुसरी, नवा इन्फ्लेटर कुठल्या रसायनाचा? सुरुवातीच्या काळात पुरवठा कमी पडला म्हणून काही गाड्यांत जुन्याच जागी तसलाच, फक्त ताजा इन्फ्लेटर बसवला होता आणि त्या गाड्यांना पुन्हा बोलवावं लागलं होतं. तेव्हा 'आमचं रिकॉल मागेच झालंय' असं म्हणणाऱ्यांनीही नंबर परत एकदा टाकून पाहावा. माझ्या गाडीत बसवलेला कायमस्वरूपी आहे, हे मी जॉब कार्डवर लिहून घेतलं, पार्ट नंबरसकट.

काचेच्या स्विचचं काम चहा पिऊन होईस्तोवर संपलं. पावसाचं पाणी उघड्या काचेतून स्विचमध्ये उतरलं की आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो, अशी त्यातली भानगड. स्विच बदलला, काच वरखाली करून दाखवली, विषय संपला.

गाडी ताब्यात घेताना चावी फिरवून एअरबॅगचा दिवा बघा. तो काही सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागूनच राहिला तर दोष, आणि मुळीच लागला नाही तरीही दोष. माझा नीट लागला, नीट विझला. पण बॅटरी काढल्यामुळे घड्याळ शून्यावर आलं होतं आणि स्टिरिओ कोड मागत बसला. तिसऱ्या मालकाकडे कुठला आलाय कोड? याची पूर्वसूचना काउंटरवरून यायला हवी होती. शेवटी त्यांनीच स्टिरिओचा सीरियल नंबर पाहून कोड मिळवून दिला, पण तोवर डिलिव्हरीचा कागद माझ्यापुढे सहीला तीनदा सरकवून झाला होता. दिवे, स्टिरिओ, काचा, हॉर्न सगळं बघितल्याशिवाय सही करू नका, मागे कितीही गाड्या उभ्या असोत.

घरी आल्यावर डॅशबोर्डमधून बारीक खडखड येऊ लागली. परत गेले, तर त्याच मेकॅनिकनं ग्लोव्ह बॉक्समागची एक क्लिप नीट बसवली, पैसे नाहीत, कुरकुर नाही. साइटवर दोन्ही कामं काही दिवस 'बाकी'च दिसत होती. नोंद वर चढायला वेळ लागतो. तेवढ्यात गाडी विकायची असेल तर जॉब कार्डच पुरावा, ते जपून ठेवा.

आणि हो, गाडी देण्याआधी ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून द्या. माझं सामान त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत दिलं, त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी वाचायचा चष्मा आला. काउंटरवर नेऊन दिलाय. ज्यांचा असेल त्यांनी विचारावं, आणि विचारताना सुपरवायझरला विचारावं.