न्यूनम कॉलेज, केंब्रिज: गवतावर चाललं तर चालतं

स्पेलिंगमध्ये एच आहे, पण तो गिळायचा. मी पहिल्या दिवशी दरवाज्याशीच ‘न्यूनहॅम’ म्हणाले आणि भाचीने दंडाला हळूच चिमटा काढला. ती इथे वर्षभराच्या एमफिलला आहे. जूनमध्ये दहा दिवस तिच्याकडे जाऊन आले. झोपायला गावातलं एक गेस्टहाउस (त्याचं नाव घेत नाही, तीन दिवस गरम पाणी नव्हतं) आणि बाकी वेळ तिची पाहुणी म्हणून कॉलेजात.

मला जायचं होतं ते कमलाबाईंसाठी. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं, आणि कमला सोहोनी तिथल्याच संचालक होऊन गेलेल्या. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची धाकटी बहीण. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेशच नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, 1933 मध्ये आत शिरल्याच. पुढे केंब्रिजला न्यूनमच्या विद्यार्थिनी म्हणून हॉपकिन्स यांच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम केलं, बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी (पेशीच्या श्वसनाला लागणारं एक प्रथिन) दाखवून दिलं आणि 1939 मध्ये चाळीसेक पानांच्या प्रबंधावर पीएचडी मिळवली. चाळीस! आमच्या वेळी नुसती आभाराची पानं दोन असायची.

तर कॉलेज. 1871 मध्ये केंब्रिजमधले तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांनी भाड्याचं घर घेतलं, ॲन क्लफ बाईंना देखरेखीला बोलावलं, आणि पाच मुली राहायला आल्या. व्याख्यानं ऐकायला परगावच्या मुलींनी उतरायचं कुठे, एवढाच प्रश्न होता. म्हणजे आधी बिऱ्हाड, मग कॉलेज. हे अजूनही जाणवतं. 1875 पासून वास्तुकार बेझिल चँपनीज यांनी एकामागून एक इमारती बांधल्या: लाल विटा, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या, आत मोठी बाग. गावातल्या जुन्या कॉलेजांसारखा किल्ल्याचा थाट नाही. त्या इमारती आतून एका लांबच लांब कॉरिडॉरने जोडल्या आहेत. बाहेर धो धो पाऊस आणि मुली चपला फटफटवत, हातात कपड्यांची बादली घेऊन, या टोकाहून त्या टोकाला. मी एका दुपारी पूर्ण चालून पाहिला. मधे दोनदा वाटलं, परत तिथेच आले की काय.

खरं थांबावं ते क्लफ बाईंच्या स्मरणार्थ बसवलेल्या ब्राँझच्या फाटकाशी. 1897 मध्ये स्त्रियांना पदव्या द्याव्यात का यावर विद्यापीठात मतदान झालं, तेव्हा मुलांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा भर चौकात टांगला. ठराव पडल्यावर त्याच्या चिंध्या करून न्यूनमच्या फाटकातून आत कोंबल्या. 1921 मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा नकार, आणि या वेळी जमावाने हातगाडीच्या धडका देऊन हेच फाटक मोडलं. त्या साली बायकांना मिळालं काय, तर नावापुरती पदवी. विद्यापीठाचं सदस्यत्व नाही. खरी पदवी 1948 मध्ये. कमलाबाईंची पीएचडी या मधल्या काळातली, हे मला फाटकासमोर उभी असताना पहिल्यांदा ध्यानात आलं. त्यांच्याच 1939 मध्ये न्यूनमच्या डोरोथी गॅरड पुरातत्त्वाच्या प्राध्यापक झाल्या, ऑक्सफर्ड-केंब्रिजमधल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. प्राध्यापक झाल्या, पण सदस्य नाहीत! मी फाटकाच्या जाळीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिले. भाची म्हणाली, “मावशी, फोटो काढू?” नको म्हटलं.

बागेत एक बसकी जुनी इमारत आहे, ‘ओल्ड लॅब्ज’. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मुलींना सहज वाव नव्हता, म्हणून कॉलेजने आपलीच बांधली. आता तिथे गाणं-नाटकाच्या तालमी चालतात. मी खिडकीला नाक लावून बघितलं तर आत पियानो. रसायनांचा वासही गेलेला. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाचीची खोली लहान, पण तिची एकटीची. पलंग, टेबल, बागेकडे उघडणारी खिडकी. पूर्वी मुली रात्री एकमेकींच्या खोलीत कोको प्यायला जमत. आता सामायिक स्वयंपाकघरात नूडल्स उकळतात. तिथे फ्रिजमध्ये प्रत्येकीचा एक कप्पा, आणि तिच्या कप्प्यात मी नेलेल्या मेतकुटाच्या डब्यावर इंग्रजीत चिठ्ठी: ‘ही औषधी पावडर नाही, खाऊ शकता’. माझ्या हॉस्टेलात आम्ही चौघी एका खोलीत, आणि सातला फाटक बंद. सव्वासातला पोचले म्हणून एकदा रेक्टरबाईंनी घरी पत्र धाडलं होतं. इथे न्यूनममध्येही सुरुवातीला व्याख्यानाला जायचं तर सोबत वडीलधारी बाई लागायची, हे वाचून जरा बरं वाटलं.

केंब्रिजमधल्या बहुतेक कॉलेजांत हिरवळीवर पाय ठेवायची सोय नाही, तो मान प्राध्यापकांचा. इथे मुली खुशाल लोळतात. परीक्षा संपलेल्या, कुणी पुस्तक तोंडावर घेऊन झोपलेली. हे कॉलेज अजूनही फक्त मुलींचं आहे. त्याची आता गरज काय, असं मीही घरून निघताना म्हणत होते. तिसऱ्या दुपारी चपला काढून गवतावर बसले आणि तो वाद भाचीवर सोपवला.

जाणार असाल तर स्टेशनावरून चालत अर्धा तास धरा, किंवा गावातून सिल्व्हर स्ट्रीटचा पूल ओलांडून या. सपाट चपला घाला. चहा थर्मासमध्ये आपला आपण न्या, आलं घालून.