कर्ज मिटवून देणाऱ्यांकडे भरलेले १,३०,५०० रुपये

ऑगस्ट २०२४ मध्ये मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज मागायला मी पुण्यातील कर्वे रस्त्यावरील एका बँकेत गेले होते. नियमित पगार घरात माझाच असल्यामुळे सहकर्जदार म्हणून अर्जात माझे नाव होते. अधिकाऱ्यांनी माझा पॅन क्रमांक टाकून माझा पतअहवाल, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, उघडला, क्षणभर पाहिला आणि काही न बोलता संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक कर्जखात्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकटींची एक पट्टी होती. नोव्हेंबर २०२३ पर्यंत प्रत्येक चौकटीत तीन शून्ये, म्हणजे थकबाकी नाही, होती आणि त्यापुढे थकलेल्या दिवसांचे २८, ५९, ९० असे आकडे चढत गेले होते. एका खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा होता. तो शेरा पाहून मला हायसे वाटले होते, हे आज सांगायला लाज वाटते.

आपल्याकडे मुलगा नोकरीला लागला, त्याचे घर झाले, की तो ‘सेटल झाला’ असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि त्याच अर्थाने मी तो शेरा वाचला. अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावून सांगितले की कर्ज पूर्ण फेडले असते तर तेथे ‘क्लोज्ड’ आले असते. ‘सेटल्ड’ याचा अर्थ बँकेने येणे रकमेपेक्षा कमी पैसे घेऊन उरलेल्यावर पाणी सोडले, आणि पुढची प्रत्येक बँक तो शेरा बुडीत पैशांची नोंद म्हणून वाचते. माझा पतगुण, म्हणजे सिबिल स्कोअर, ७६१ वरून ५४८ वर आला होता. हा गुण ३०० ते ९०० यांमध्ये मोजला जातो, त्यामुळे ५४८ म्हणजे काय हे मला वेगळे विचारावे लागले नाही.

मागची हकिकत अशी. सासूबाईंची शस्त्रक्रिया आणि त्याच वर्षी यजमानांचे फॅब्रिकेशनचे काम बंद पडणे यांमुळे २०२३ च्या दिवाळीपर्यंत आमच्यावर दोन क्रेडिट कार्डांचे १,८४,००० आणि ९६,०००, तसेच वैयक्तिक कर्जाचे ३,२०,०००, असे एकूण सहा लाखांचे देणे झाले होते. ओढाताण होती, परंतु तोवर एकही हप्ता चुकलेला नव्हता, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे. अशा वेळी ‘कर्ज परतफेड योजना’ देणाऱ्या एका कंपनीची जाहिरात मोबाइलवर दिसली. कार्यालय वारज्यापासून फार दूर नव्हते. काचेचे दार, भिंतीवर न्यायदेवतेचे चित्र आणि टेबलामागे अत्यंत अदबीने बोलणारा तिशीचा एक गृहस्थ. तो म्हणाला, “ताई, आता बँकेला एक रुपयाही भरायचा नाही. दरमहा १४,५०० आमच्याकडे जमा करा, आमचे वकील तिन्ही बँकांशी बोलतील, दोन वर्षांत तुम्ही मोकळ्या. सिबिल आम्ही साफ करून देऊ, ती जबाबदारी आमची.”

कर्जाचा हप्ता आणि दोन्ही कार्डांचा किमान भरणा मिळून महिन्याला जे पंचवीस हजारांच्या आसपास जात होते, त्याऐवजी १४,५०० हा आकडा मला देवाने पाठवल्यासारखा वाटला. मी सही केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण सगळी फसवणूक तिच्यावरच उभी होती. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती संस्थांकडे कर्जफेडीची जी माहिती जाते ती फक्त कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था पाठवते. मधल्या माणसाकडे मी भरलेला रुपया त्या माहितीत कोठेच नसतो. मी दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता पैसे भरत होते, पावती फाइलमध्ये लावत होते, आणि माझ्या मनात मी नियमित कर्जफेड करणारी बाई होते. बँकांच्या दृष्टीने मात्र डिसेंबर २०२३ पासून मी काहीच भरत नव्हते. नव्वद दिवसांहून अधिक थकलेले खाते नियमाप्रमाणे अनुत्पादक (एनपीए) ठरते, आणि त्या मर्यादेपलीकडे माझी तिन्ही खाती एकामागोमाग गेली.

वैयक्तिक कर्जाचा ११,४०० रुपयांचा हप्ता पगाराच्या खात्यातून आपोआप कापला जात असे. ते खाते रिकामे ठेवायला मला सांगण्यात आले. त्यामुळे दर महिन्याला आपोआप कपातीचा तो आदेश न वटल्याचे ५०० रुपये आणि त्यावरील जीएसटी, असे ५९० रुपये लागत गेले. चौथ्या महिन्यात वकिलाची नोटीस आली, तेव्हा कळले की असा आदेश न वटणे हा २००७ च्या देयक व तडजोड प्रणाली कायद्याच्या कलम २५ खाली, चेक न वटण्यासारखाच, गुन्हा ठरू शकतो. कंपनीने त्या नोटिशीला उत्तर देण्यासाठी माझ्याकडून वेगळे ४,००० रुपये मागितले नाहीत, तर माझ्या जमा रकमेतूनच कापून घेतले. उत्तराची प्रत मला कधीही मिळाली नाही.

पहिल्या कार्डाचे १,८४,००० नऊ महिन्यांत पावणेतीन लाखांच्या घरात गेले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटी, वर उशिराचा दंड. आकडेमोड अवघड नाही. हिशेबनीस म्हणून मी दिवसभर दुसऱ्यांची आकडेमोड करते, आपली करायला बसले नाही.

मे २०२४ मध्ये कंपनीने मोठ्या आनंदाने कळवले की दुसऱ्या कार्डाचे काम झाले, बँक ३८,००० वर तयार आहे. ती रक्कम खरोखर बँकेला गेली, आणि नऊ महिन्यांत बँकेपर्यंत पोहोचलेली ती एकमेव रक्कम होती. तडजोडीच्या पत्रात ‘उर्वरित रक्कम सोडून देण्यात येत असून तसे पतमाहिती संस्थांना कळवले जाईल’ असे स्वच्छ लिहिलेले होते. कंपनीने मला ते पत्र मोबाइलवर पाठवले, पण त्याचे पहिले पानच. दुसरे पान मी नंतर बँकेतून मागून घेतले. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशी तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था किमान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही, हेही तेव्हाच समजले.

शैक्षणिक कर्ज नाकारले गेल्यानंतर मी हिशेब मागितला. भरलेले १,३०,५००. त्यातून बँकेला ३८,०००, नोटिशीच्या उत्तराचे ४,०००, आणि ‘सेवाशुल्क’ म्हणून सहा लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे ७५,०००, अधिक १३,५०० जीएसटी. बेरीज रुपयाला रुपया जुळते, जमा रक्कम शून्य. माझ्यासारख्या हिशेबनिसाला शरम वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. त्या पावत्यांवर जीएसटी घेतलेला होता, पण जीएसटी क्रमांक छापलेलाच नव्हता. रोज पुरवठादारांची बिले मी याच कारणासाठी परत पाठवते. घरच्या फाइलमधल्या नऊ पावत्यांवर मला तो अभाव दहाव्या महिन्यात दिसला.

यावर त्यांचा प्रस्ताव असा, की आणखी ८,००० दिल्यास पंधरा दिवसांत शेरा ‘काढून’ देऊ. हे शक्यच नाही. पतमाहिती संस्था बँकेच्या पुष्टीशिवाय नोंद बदलत नाहीत आणि खरी नोंद कोणालाही पैसे देऊन पुसता येत नाही. चुकीची नोंद मात्र फुकट दुरुस्त होते, आणि माझ्या अहवालात तशी एक होती: तडजोड होऊनही दुसऱ्या कार्डावर ६४,००० शिल्लक दाखवले जात होते. मी संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः हरकत नोंदवली, पत्राची दोन्ही पाने जोडली आणि तिसऱ्या आठवड्यात शिल्लक शून्य झाली. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. हा अहवाल मी नोव्हेंबर २०२३ नंतर एकदा जरी उघडला असता, तर जानेवारीतच चढते आकडे दिसले असते.

वसुलीच्या दूरध्वनींपासून ‘कायदेशीर संरक्षण’ हा त्यांच्या जाहिरातीतला मोठा भाग होता, म्हणून त्याबद्दलही लिहिते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी दूरध्वनी करू नयेत हे रिझर्व्ह बँकेने बँकांना व वित्तसंस्थांना बजावलेले आहे. ते मोडले गेल्यास आधी त्या संस्थेकडे आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. जे नियमाने माझेच होते तेच त्यांनी मला विकले. याच लोकपालाकडे मी कंपनीविरुद्ध तक्रार केली, तेव्हा ती योजनेच्या कक्षेत बसत नाही म्हणून परत आली, कारण ती कंपनी ना बँक होती ना नोंदणीकृत वित्तसंस्था.

नंतर मी स्वतः बँकांकडे गेले. कितीतरी आधी जायला हवे होते. पहिल्या कार्डाच्या बँकेतील बाईंनी सांगितले की खाते नियमित असताना आला असतात तर पूर्ण थकबाकी सोळा टक्के वार्षिक दराने छत्तीस हप्त्यांत बदलून दिली असती, आणि हप्ते वेळेवर भरले असते तर अहवालात तीन शून्येच राहिली असती. खाते बिघडल्यावर जी पुनर्रचना होते तिची नोंद वेगळी होते आणि तीही पुढच्या बँकेला दिसते. वैयक्तिक कर्जाची थकबाकी मी माहेरचे दागिने गहाण ठेवून भरली आणि हप्ते पुन्हा सुरू केले. दुसऱ्या कार्डाच्या बँकेने व्याज व दंड सोडून मूळ रकमेतील उरलेले ५८,००० भरल्यास खाते पूर्ण फेडल्याचे कळवण्याचे मान्य केले. मी आधी ते लेखी घेतले, मग चार टप्प्यांत पैसे भरले आणि नंतर ना-देय प्रमाणपत्र घेतले. १ जानेवारी २०२५ पासून बँका पंधरवड्याने माहिती पाठवू लागल्यामुळे बदल लवकर दिसला. आता तेथे ‘क्लोज्ड’ आहे, परंतु ३६ महिन्यांच्या पट्टीत २०२४ च्या चौकटी अजून तशाच आहेत.

मुलाचा प्रवेश झाला. सहकर्जदार म्हणून भावजींनी सही केली. त्या सहीबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत, त्यामुळे मलाही तो विषय काढता आलेला नाही.

सेवाशुल्क, त्यावरील जीएसटी आणि नोटिशीच्या उत्तराचे पैसे मिळून ९२,५०० रुपयांसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क पडत नाही. करारनामा, नऊ पावत्या, तडजोडीच्या पत्राची दोन्ही पाने, बँकेचे उतारे आणि ‘बँकेला एक रुपयाही भरू नका’ हा त्यांचा मोबाइलवरील संदेश मी जोडला आहे. पहिली नोटीस ‘पत्त्यावर कोणी नाही’ या शेऱ्यानिशी परत आली. त्या काचेच्या दारामागे आता चष्म्याचे दुकान आहे. करारावरील दुसरा पत्ता मी आयोगाला दिला आहे आणि पुढच्या तारखेची वाट पाहते आहे.