दाखवला एक, शिजला दुसरा

शांत किनाऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात मासा खाताना फसवणूक अनेकदा अशी होते. दारातच बर्फावर मासे मांडलेले असतात. वेटर त्यातला एक उचलतो, कल्ले उघडून लाल रंग दाखवतो आणि म्हणतो, “सकाळचाच आहे.” मासा खरोखरच उत्तम असतो. तुम्ही हो म्हणता, तो ताट घेऊन आत जातो. अर्ध्या तासाने मसाल्यात बुडालेल्या सहा तुकड्या येतात. बोट लावताच तुकडी भुसभुशीत होऊन सुटते, ताटात पाणी साचतं. बिलावर वजन १ किलो २०० ग्रॅम. दाखवलेला मासा तोवर पुन्हा बर्फावर येऊन पडलेला असतो, पुढच्या गिऱ्हाईकाच्या स्वागताला.

हा नमुन्याचा मासा. मासळी पारखता येणारे लोकही इथे फसतात, आणि कदाचित तेच जास्त फसतात. त्यांची सगळी पारख त्या एका माशावर खर्च होते आणि पोटात जातो तो वेगळाच. बाहेर आलेले स्वच्छ डोळे, ओलसर लाल कल्ले, घट्ट बसलेले खवले, दाबल्यावर लगेच वर येणारं मांस या खुणा खऱ्याच आहेत. पण त्या बर्फावरच्या माशाच्या आहेत, कढईतल्या माशाच्या नाहीत. तिथेही कलाकार असतातच म्हणा. २०१८ साली कुवेतमध्ये माशाचे बुडालेले डोळे झाकायला वरून प्लॅस्टिकचे डोळे चिकटवल्याची बातमी आली होती.

म्हणून लक्ष ठेवायचं ते ताटापासून कढईपर्यंतच्या वाटेवर. मासा निवडल्यावर तुमच्यासमोर शेपटीच्या पराला कात्रीने छोटी खाच मारायला सांगा आणि तो डोक्या-शेपटीसकट अख्खा वाढायला सांगा. रस्साच हवा असेल तर डोकं आणि खाच मारलेली शेपटी त्याच भांड्यात घालायला सांगा. वजनकाट्यावर मासा असताना आकड्यासह फोटो काढून ठेवा. हे सगळं मासा आत जाण्यापूर्वी व्हायला हवं, नंतर कशाचाच पुरावा राहत नाही. प्रामाणिक हॉटेलात याचं कुणाला वाईट वाटत नाही, फार तर आचारी हसेल. “अख्खा चांगला लागत नाही, मसाल्यातच घ्या” असा आग्रह सुरू झाला की उठायला हरकत नाही. दाट मसाला, जाड पिठाचं आवरण आणि भरपूर लिंबू या तिन्ही गोष्टी शिळेपण झाकतात. लिंबाचं तर कारण रसायनशास्त्रातलं आहे. समुद्री मासा शिळा होताना त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं आणि तोच तो उग्र वास. आंबटामुळे त्याचा क्षार बनतो आणि वास हवेत उडायचा थांबतो. वास गेला, पण मासा आहे तिथेच आहे. शंका असेल तर साधा वाफवलेला किंवा नुसतं मीठ लावून भाजलेला मागवा, त्यात लपायला जागा नसते.

शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) बाबतीत खूण सोपी आहे. जिवंत शेवंड शिजवली की शेपटी आत घट्ट वळते. मरून बराच वेळ झालेली शिजवली तर शेपटी ढिली, सरळ राहते आणि मांस लगद्यासारखं होतं. टाकीतली वळवळणारी दाखवून आतली मेलेली वाढणं हा फार जुना खेळ आहे.

आता वजन. काटा तपासायला बरोबरची १ लिटरची सीलबंद पाण्याची बाटली त्यावर ठेवा. पाण्याचं १ किलो आणि प्लॅस्टिकचे २०–३० ग्रॅम, एवढंच दिसलं पाहिजे. १ किलो १५० ग्रॅम दिसले तर काटा बोलतोय ते खोटं आहे. मात्र काटा खरा असूनही वजन खोटं असू शकतं. टोपलीचं वजन न वजा करणं, माशाच्या पोटाखाली बर्फ राहू देणं, खेकड्याच्या नांग्या पाण्यात भिजलेल्या जाड दोरीने बांधणं हे सगळं काट्याच्या आधीच होतं. दोरी सोडून वजन करायला सांगा, नांग्यांची भीती वाटत असेल तर रबर चालेल. खेकडा आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. नुकतीच कात टाकलेला खेकडा मोठा दिसतो पण हलका असतो, आणि फोडला की आत मांसापेक्षा पाणीच जास्त.

दर ठरवताना तीन प्रश्न विचारून घ्या: दर १०० ग्रॅमचा की किलोचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि शिजवण्याचे पैसे त्यात आले की वेगळे. मेन्यूवर आकडा नसून “बाजारभावाप्रमाणे” लिहिलं असेल तर आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका. साफ करण्याआधी वजन करणं ही स्वतः फसवणूक नाही, ती सर्रास पद्धत आहे. पण मग ताटात किती यायला हवं ते ठाऊक असावं. १ किलोचा अख्खा मासा खवले आणि पोट काढल्यावर साधारण ८००–८५० ग्रॅम राहतो, शिजताना त्यातलं पाणी आणखी कमी होतं. डोकं-काट्यासह ताटात सहाशेच्या पुढे काहीतरी यायला हवं. तीन छोट्या तुकड्या आल्या तर उरलेला मासा दुसऱ्या टेबलावर गेला असं समजा. डोक्यासकट कोळंबी सोलल्यावर जेमतेम निम्मी उरते, हेही लक्षात असू द्या.

कोळंबीत फसवणूक पाण्याची असते. गोठवण्याआधी ती फॉस्फेटच्या द्रावणात बुडवली की पाणी धरून फुगते, वजन वाढतं. शिजल्यावर ती काचेसारखी, रबरासारखी लागते आणि चव कुठेच नसते. शिवाय गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पापुद्रा असतो, तोही वजनात धरणारे आहेत. डोक्यावरचे काळे डाग मात्र दरवेळी कुजल्याचे नसतात. ते कोळंबीच्याच विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) पडतात. ते टाळायला सल्फाइट वापरतात, त्यामुळे अजिबात डाग नसलेली कोळंबी ताजीच असेल असं नाही. दम्याच्या रोग्यांपैकी काहींना सल्फाइटचा त्रास होतो. त्यापेक्षा डोकं हलवून पाहा, लटकत असेल तर नको.

“ताजा” म्हणून गोठवलेला विकणं हा फार पसरलेला प्रकार. गोठवलेला मासा वाईट असतो असं आमचं मुळीच म्हणणं नाही. बोटीवरच नीट गोठवलेला मासा आठवडाभर बर्फात पडलेल्यापेक्षा सरस. लबाडी आहे ती ताज्याचे पैसे घेण्यात. नीट न गोठवलेला किंवा घाईत वितळवलेला मासा असेल तर त्याचे डोळे दुधाळ दिसतात, मांसाच्या थरांत फटी पडतात, ताटलीत पाणी सुटतं. बर्फावरचे सगळे मासे एकाच साच्यातले, एकाच मापाचे असतील तर ते बहुधा शेततळ्यातले किंवा समुद्रातल्या पिंजऱ्यातले असतात. तेही खायला चांगलेच, फक्त “आजच जाळ्यात आले” हे खरं नाही.

समुद्र समोर दिसतो म्हणून मासा ताजा, हा समज शांत गावातच जास्त महाग पडतो. अशा गावात गिऱ्हाईक कमी, म्हणजे माल हलतच नाही. शिवाय किनाऱ्यावर उतरलेला उत्तम मासा चांगला भाव देणाऱ्या मोठ्या शहरांकडे निघून जातो. म्हणून दुपारी जेवायचं असेल तर सकाळी धक्क्यावर जा. बोटी आल्या का, काय उतरलं, ते पाहा आणि कोणत्या हॉटेलचा माणूस टोपली उचलतो तेही पाहा. वादळी हवामान असेल किंवा मासेमारीबंदी असेल त्या दिवसांत “आजचा मासा” कुठून आला ते विचारा. मोठे ट्रॉलर अनेक दिवस समुद्रात असतात, त्यामुळे आज उतरलेला मासा आजच पकडलेला असतोच असं नाही. एका दिवसात जाऊन परतणाऱ्या लहान बोटींचा माल वेगळा. मेन्यूवर चाळीस प्रकारचे मासे आणि टेबलांवर दोन माणसं, या हिशोबातून काय निघतं ते सांगायला नको. चार-पाच प्रकारच असतील आणि “आज ते नाही” असं सरळ उत्तर मिळत असेल तिथे बसा. रिक्षा-टॅक्सीवाल्याने आग्रहाने नेलेल्या जागी बसू नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं.

नाव बदलून विकणं तर जगभर चालतं. ओशियाना या समुद्र-संरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेने अमेरिकेत २०१० ते २०१२ या काळात घेतलेल्या १,२१५ नमुन्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशांवर चुकीचं नाव होतं. कातडी आणि डोकं काढलेला पांढरा तुकडा कुठल्याही नावाने खपतो. “पांढरा ट्यूना” म्हणून कधीकधी एस्कोलार हा तेलकट मासा वाढतात. त्यातलं मेणासारखं तेल पचत नाही आणि तेलकट जुलाब होतात. खेकड्याचं मांस म्हणून येणाऱ्या लाल कडेच्या कांड्या तर पांढऱ्या माशाच्या लगद्याच्या असतात.

बांगडा, तारली, ट्यूना अशा माशांत पैशांपलीकडचा धोका आहे. हे मासे पकडल्यावर लगेच थंड केले नाहीत तर जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं, आणि ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही. मासा दिसायला, वासाला ठीकही असतो. ट्यूनाला तर कार्बन मोनॉक्साइड देऊन लालभडक रंग टिकवता येतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. पहिल्याच घासाला जीभ मिरीसारखी चुरचुरली तर घास खाली ठेवा. तोंड लाल होणं, अंगावर पुरळ, डोकं दुखणं, छातीत धडधड हे काही मिनिटांत ते दोनेक तासांत सुरू होतं. लोक ते माशाची ॲलर्जी समजून पुढे आयुष्यभर मासा सोडतात. श्वास लागत असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा. माशाचं नाव डॉक्टरांना सांगा, तपशीलवार बिल जपा आणि उरलेला तुकडा पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. तक्रार करायची झाली तर तपासणीला तोच लागतो.